गुडघ्याची झीज : वेदनेची ओळख आणि उपचार

गुडघ्याचा झिजेचा संधिवात बहुधा चाळिशीनंतर सुरू होतो आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. तो जीव घेत नाही. मात्र उठणे, बसणे, चालणे, पायरी चढणे या रोजच्या हालचाली तो एकेक करून काढून घेतो. जिवावर बेतत नसल्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. घरातली बाई भिंतीला हात टेकून उठू लागते, देवळाची पायरी टाळू लागते, लग्नाच्या पंगतीऐवजी खुर्ची शोधू लागते आणि घरचे लोक ‘वय झालं’ एवढे म्हणून विषय संपवतात. वय हे या आजाराचे एक कारण आहे, पण वय झाले म्हणून वेदना सोसलीच पाहिजे असे नाही. वेदना ओळखता येते, तिचा जोर कमी करता येतो आणि बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेवाचून वर्षानुवर्षे चालते-फिरते राहता येते.

आजाराचा पसारा मोठा आहे. २०२० साली जगात सुमारे ५९.५ कोटी लोकांना झिजेचा संधिवात होता आणि त्यात गुडघ्याचा वाटा सर्वांत मोठा होता. भारतात १९९० साली अशा रुग्णांची संख्या सुमारे २.३ कोटी होती. २०१९ साली ती ६.२ कोटींवर गेली. आग्रा, बेंगळुरू, कोलकाता, डेहराडून आणि पुणे या पाच ठिकाणी झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळिशी ओलांडलेल्यांपैकी २८.७ टक्के लोकांत गुडघ्याची झीज आढळली.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या वाचकाला याहून जवळचा दाखला भिगवणचा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाण्याकाठी वसलेल्या या गावात १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय संधिवात संघटना यांनी आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीने भारतात झालेली ही पहिली पाहणी. तिच्यात ४,०९२ प्रौढांना प्रश्न विचारले गेले, १८.२ टक्के लोकांनी हाडे, सांधे वा स्नायू यांची दुखणी सांगितली, आणि निदान झालेल्या आजारांत झिजेचा संधिवात वरच्या क्रमांकावर होता. ज्याला लोक खरा संधिवात समजून घाबरतात तो आमवात त्यामानाने फारच कमी, शंभरात एकाहूनही कमी लोकांत निघाला. कष्टाच्या शरीराला सांधेदुखी होत नाही, ती बैठ्या शहरी माणसाची व्याधी, असा एक समज आहे. भिगवणने तो पुरता मोडून काढला.

झीज आणि वेदना समजून घ्यायची तर आधी गुडघ्याची रचना पाहावी. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी अशी तीन हाडे इथे भेटतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. मांडी आणि नडगी यांच्यामध्ये मेनिस्कस नावाच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात. त्या भार वाटून घेतात. सांध्याभोवती पातळ आवरण असते आणि त्यातून पाझरणारा द्रव सांधा ओला ठेवतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की पुन्हा फुगते, आणि स्पंजाप्रमाणे या दाबण्या-फुगण्यातूनच तिला पोषण मिळते. म्हणून दुखणारा गुडघा महिनोन्‌महिने हलवलाच नाही तर कूर्चेचे भले होत नाही, उलट ती उपाशी राहते. पूर्ण विश्रांतीचा सल्ला या आजारात हानिकारक ठरतो तो यामुळे.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात, त्यामुळे कूर्चा झिजली म्हणून थेट दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सुजलेले आवरण, ताणलेले अस्थिबंध आणि थकलेला स्नायू. हा बारकावा उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आज तरी उपलब्ध नाही, पण वेदना जिथून निघते त्या बाकीच्या ठिकाणांवर पुष्कळ काही करता येते. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं, आता काही होणार नाही’ असे ऐकून हातपाय गाळून बसलेल्या रुग्णाला ही गोष्ट कुणीतरी नीट समजावून सांगितली पाहिजे.

झीज कुणाला होते? वाढते वय, जास्त वजन, घराण्यातला कल, पूर्वी गुडघ्याला झालेली मोठी दुखापत आणि पायांचा मूळचा बाक ही ठरलेली कारणे. स्त्रियांत, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हा आजार पुरुषांपेक्षा बराच अधिक दिसतो. याखेरीज एक कारण आपल्या राहणीत आहे. बीजिंगमधील साठीपुढच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचे २००१ साली दिसून आले, वास्तविक बीजिंगच्या स्त्रिया अंगाने हलक्या होत्या. पुढच्या अभ्यासात असे आढळले की, तरुणपणी दिवसाला तीन तास वा अधिक उकिडवे बसणाऱ्यांत झिजेचा धोका सुमारे दुप्पट होता.

मोहोळ तालुक्यातील शेतकामाकडे या दृष्टीने पाहावे. मालदांडी हा ज्वारीचा प्रसिद्ध वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला आणि रब्बीची ज्वारी हे आजही या भागाचे पीक आहे. तिची खुरपणी उकिडवे बसून होते, काढणी कमरेत वाकून ताटे उपटून होते, कणसे खुडणे पुन्हा खाली बसून. उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा आणि मोळीचा असा दुहेरी भार येतो. घरी आल्यावर चुलीपुढे बसून भाकऱ्या, खाली बसून धुणे-भांडी, आणि शौचालयही बैठे. सोलापूर शहरात विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे कितीतरी तास मांडी घालून जातात. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. पायऱ्या चढता-उतरताना तो आणखी वाढतो, आणि खोल उकिडव्या बैठकीतून उठताना वाटीमागचा दाब फारच मोठा असतो. कष्ट वाईट नव्हेत. एकाच वाकड्या स्थितीत तासन्‌तास राहणे आणि त्याच स्थितीतून ओझे उचलणे वाईट.

आता ओळख. झिजेच्या दुखण्याचा एक स्वभाव असतो आणि तो रुग्णाच्या तोंडूनच कळतो. काम केले की दुखते, बसले की बरे वाटते. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण चार पावले टाकली की अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. सिनेमाला किंवा एसटीत तास-दोन तास बसून उठताना पहिली काही पावले अवघड जातात. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. गुडघा हलवला की करकर लागते. पुढे आतल्या बाजूचा सांधा दाबला की दुखतो, हाडाच्या कडा जाडसर लागतात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि मांडीचा पुढचा स्नायू वाळत जातो. आणखी पुढे दोन्ही गुडघ्यांत बाहेरच्या बाजूला बाक येऊन चाल फेंगडी होते. आपल्याकडे झीज बहुतेकदा आतल्या कप्प्यात सुरू होत असल्याने हा बाक फार दिसतो. वय पंचेचाळीसच्या पुढे, हालचालीने वाढणारी वेदना, आणि सकाळचा आखडलेपणा नसणे किंवा अर्ध्या तासाहून कमी असणे, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की निदान रोगी तपासूनच करता येते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

नुसता कट्‌कट्‌ आवाज येतो आणि दुखत नाही, तर काळजीचे कारण नाही.

झीज नसलेली दुखणी ओळखणे तितकेच गरजेचे आहे, कारण त्यांचे उपचार वेगळे असतात आणि काहींना उशीर परवडत नाही. सकाळचा आखडलेपणा तासभर वा जास्त टिकतो, दोन्ही हातांची बोटांची पेरे आणि मनगटे सुजतात, अंग मोडून येते, असे असेल तर आमवाताचा संशय घ्यावा. त्याला पहिल्या काही महिन्यांतच नेमकी औषधे मिळाली तर सांधे वाचतात. एका रात्रीत गुडघा लालभडक, गरम होऊन स्पर्शही सोसवत नसेल तर युरिक आम्लाचा गाऊट असू शकतो. मात्र नुसत्या रक्ततपासणीत युरिक आम्ल थोडे वाढलेले दिसले म्हणून गुडघेदुखीचे खापर त्यावर फोडणे चूक आहे. तशी वाढ असलेल्या पुष्कळांना गाऊट कधीच होत नाही. ताप, थंडी आणि तट्ट फुगलेला गुडघा ही सांध्यात पू झाल्याची खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे, कारण काही दिवसांत सांधा कायमचा नष्ट होतो. महाराष्ट्रात २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, म्हणून अलीकडे ताप येऊन गेला होता का हे विचारावेच लागते. सांध्याचा क्षय सावकाश वाढतो. त्यात सूज, वजन घटणे आणि रात्रीची वेदना असते. कधीकधी दुखणे गुडघ्यात जाणवते पण मूळ खुब्यात किंवा कमरेच्या मणक्यात असते. मांडी आत-बाहेर फिरवून खुबा तपासला की हे उलगडते. पडल्यानंतर गुडघा अचानक अडकून बसणे किंवा पाय टेकता न येणे याला झीज समजून चोळत बसू नये.

हाडे ठिसूळ होणे हा तर अगदी निराळा आजार. त्यात हाड मोडेपर्यंत बहुधा दुखत नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी वर्षानुवर्षे कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्यांचा गुडघ्यासाठी उपयोग होत नसतो.

एक्स-रेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वेदनेपेक्षा एक्स-रेची धास्ती जास्त लोकांना अंथरुणाला खिळवते. झिजेच्या एक्स-रेचे शून्य ते चार असे टप्पे केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली ठरवले आणि तेच अजून वापरात आहेत. सांध्यातील फट कमी होणे, कडांना हाड वाढणे, हाड घट्ट होणे, बाक येणे या खुणांवरून टप्पा ठरतो. पण टप्पा आणि वेदना यांचे गणित जुळत नाही. चौथ्या टप्प्याचा गुडघा घेऊन शेत राखणारे लोक आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यात घराबाहेर न पडणारेही आहेत. म्हणून ‘गॅप संपला’ या दोन शब्दांवर कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये. एक्स-रे काढायचाच तर उभे राहून काढावा; झोपून काढलेल्या चित्रात फट खोटी मोठी दिसते. एमआरआय तर बहुतेक वेळा लागतच नाही. पन्नाशीपुढच्या, गुडघा कधीही न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही मेनिस्कस फाटलेला सर्रास दिसतो. रक्ताच्या तपासण्या इतर आजार वगळण्यासाठी असतात. झीज दाखवणारी रक्ततपासणी अस्तित्वात नाही.

उपचारांमध्ये पहिला मान व्यायामाचा. ही शिष्टाचारापुरती सूचना नसून आजवर अभ्यासलेल्या उपायांपैकी सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा भार झेलतो. दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो, स्नायू वाळतो, भार थेट सांध्यावर येतो आणि आणखी दुखते. हे चक्र स्नायूकडूनच तोडावे लागते. अमेरिकेत १५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वर्षाअखेरीस फिजिओथेरपीच्या गटाची वेदना आणि हालचाल दोन्ही अधिक चांगली होती.

व्यायामाला यंत्रे लागत नाहीत. पलंगावर पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि ती गुडघ्याने खाली दाबून मनात पाच ते दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा. मग पाठीवर झोपून, एक पाय दुमडून, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा, थोडा थांबवून सावकाश खाली आणावा. खुर्चीवर बसून पाय पुढे सरळ करावा व धरून ठेवावा. ताकद आली की हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे-बसणे सुरू करावे. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. जोडीला कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा, म्हणजे खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा व्यायाम घ्यावा. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेलेच राहिले तर संख्या कमी करावी, व्यायाम बंद करू नये. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात. डॉक्टरने कागदावर ‘व्यायाम करा’ असे लिहिणे पुरेसे नाही. कुणीतरी समोर बसून तो करवून घ्यावा लागतो.

चालणे चालूच ठेवावे. सपाट रस्त्यावर, मऊ तळव्याच्या बुटांनी, दिवसातून दोन-तीन तुकड्यांत चालले तर गुडघा जास्त झिजत नाही. आषाढीला शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरहून तिऱ्हे, कामतीमार्गे मंगळवेढ्याकडे जाते तेव्हा तिच्यात साठी-सत्तरीचे वारकरी असतात. वारीला निघायचे तर दोन-तीन महिने आधीपासून अंतर हळूहळू वाढवत न्यावे. वर्षभर बसून एकदम मजल गाठायला गेल्यास गुडघा सुजतोच.

वजनाचे गणित सरळ आहे. २००५ साली झालेल्या मोजमापात दिसले की शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाला काही हजार पावले टाकणाऱ्या माणसाला याचा केवढा लाभ होतो हे उघड आहे. अमेरिकेतील ४५४ जणांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१३ साली आले, आहार आणि व्यायाम दोन्ही पाळणाऱ्यांचे वजन दीड वर्षात सुमारे ११ टक्क्यांनी घटले आणि वेदना जवळपास निम्म्यावर आली. नव्या काळातील सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांनीही लठ्ठ रुग्णांत असाच गुण दिल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. ती महाग आहेत आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक हे जेवण मुळात उत्तम. वजन वाढते ते दिवसातून पाच-सहा वेळच्या साखरेच्या चहाने, बेकरीच्या पदार्थांनी आणि रात्री उशिराच्या जेवणाने. आंबट खाल्ल्याने, वातुळ वांगे-बटाट्याने गुडघे झिजतात याला मात्र पुरावा नाही. अशा पथ्यांनी ताटातले चांगले पदार्थच कमी होतात.

राहणीतले बदल स्वस्त आहेत आणि त्यांचा गुण लगेच येतो, तरी ते घरात सर्वांत उशिरा होतात. स्वयंपाकाला उभ्याचा ओटा. भाकरी थापायला उंच पाट किंवा स्टूल. बैठ्या शौचालयावर ठेवायची खुर्ची मिळते, ती घ्यावी. भिंतीला एक आडवा दांडा ठोकावा. खुरपणीला शक्य तिथे लांब दांड्याचे कोळपे वापरावे, नाही तर बसायला छोटे स्टूल न्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करावेत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. बहुतेक लोक ती उलट धरतात. काठी घेणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे, ही लाज सोडण्यासारखी आहे. घरातल्या पुरुषांनी हे बदल आईच्या, बायकोच्या तक्रारीआधी करून ठेवले तर उत्तम.

औषधांत आधी मलम. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक जेल दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्याला लावल्यास पुष्कळांना गोळीइतका आराम मिळतो, आणि रक्तात त्याचा फारच थोडा अंश जात असल्याने पोट व मूत्रपिंड सुरक्षित राहतात. शेकाने, तेलाने बरे वाटते. ते जरूर करावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी गरम पिशवी जपून वापरावी. बिब्बा घालणे, डाग देणे हे प्रकार बंद झाले पाहिजेत. त्यांनी झीज तसूभर कमी होत नाही, कातडी भाजते, आणि मधुमेही माणसाची जखम चिघळते.

पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या दुखणे वाढलेले असताना, थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि हृदयविकाराचा धोका वाढवतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर रानात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, रात्री दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेणे मूत्रपिंडासाठी फार घातक आहे. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल या गोळ्यांच्या तुलनेत सुरक्षित आहे, पण झिजेच्या वेदनेवर त्याचा परिणाम किरकोळ आहे.

सर्वांत धोक्याच्या आहेत त्या नाव नसलेल्या पुड्या. बाजारात किंवा गावोगाव फिरणाऱ्या माणसाकडून मिळणारी चूर्णे दोन दिवसांत जादूसारखा आराम देतात, याचे कारण पुष्कळदा त्यांत मिसळलेले स्टेरॉइड असते. चेहरा गोल होणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग होणे हे त्याचे परिणाम काही महिन्यांनी दिसतात, आणि पुडी अचानक थांबवली तर माणूस कोसळू शकतो. ज्या औषधावर घटकांची यादी, बनवणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक नाही, ते घेऊ नये. घेत असल्यास एकदम न थांबवता डॉक्टरांना दाखवावे.

याचा अर्थ आयुर्वेद वर्ज्य असा नाही. उलट त्याची आधुनिक पद्धतीने तपासणी महाराष्ट्रातच झाली आहे. डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर सुंठ, गुळवेल, आवळा, गुग्गुळ अशा वनस्पतींच्या योगांची तुलना ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांशी केली; २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हे योग वेदनेवर त्या औषधांच्या तोडीचे ठरले. त्याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीत वाढ दिसली आणि औषध थांबवल्यावर ती उतरली. गुण असलेल्या औषधाला देखरेखही लागते, ते कुठल्याही पद्धतीचे असो. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांचा मात्र २००६ सालच्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांवर औषध नसलेल्या गोळीपेक्षा विशेष प्रभाव दिसला नाही. महिन्याला त्यावर जाणारा पैसा फिजिओथेरपीकडे वळवणे शहाणपणाचे.

गुडघ्यातल्या इंजेक्शनांचेही वास्तव सांगायला हवे. सुजलेल्या, पाणी भरलेल्या गुडघ्यात एखादे स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देते आणि तेवढ्या काळात व्यायाम सुरू करता येतो. पण १४० रुग्णांच्या चाचणीत एका गटाला दोन वर्षे दर तीन महिन्यांनी असे इंजेक्शन दिले तेव्हा, २०१७ सालच्या निष्कर्षानुसार, वेदना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनइतकीच राहिली आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. मधुमेहींची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, हे आधी सांगितलेले असावे. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीची चाचणी ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झाली. २०२१ साली आलेल्या निकालात वर्षभराने तेही मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. ‘वंगणाच्या’ इंजेक्शनाचा लाभही अल्प आहे. दुर्बिणीने गुडघा धुण्याची शस्त्रक्रिया तर २००२ सालीच निकालात निघाली. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांच्या चाचणीत काहींना केवळ कातडीवर छेद देऊन टाके घातले होते. त्यांना खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतकेच बरे वाटले.

सांधारोपणाची वेळ केव्हा येते? व्यायाम, वजन आणि औषधे काही महिने मनापासून करूनही रात्रीची झोप मोडत असेल, दोनशे पावले चालणे कठीण होत असेल, बाक वाढत असेल, तेव्हा. निर्णय वेदनेवर आणि अडलेल्या आयुष्यावर घ्यायचा असतो. वय तुलनेने कमी, झीज फक्त आतल्या कप्प्यात आणि पायात बाक असेल तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची किंवा अर्ध्या सांध्याच्या रोपणाची शस्त्रक्रिया आधी विचारात घेतात. संपूर्ण सांधारोपणाचा आजचा साचा १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इनसॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. त्या गटात भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलले, आणि ही शस्त्रक्रिया भारतात घरोघरी माहीत झाली. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय शरीररचना आणि बैठक लक्षात घेऊन ‘इंडस’ हा देशी सांधा तयार केला.

रोपण केलेल्यांपैकी बहुसंख्य लोक वेदनामुक्त होऊन चालतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यानुसार शंभरांपैकी ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. परंतु पाचातल्या एखाद्या रुग्णाला नंतरही त्रासदायक वेदना राहते, शंभरात एखाद्याला जंतुसंसर्ग होतो, आणि खाली मांडी घालून बसणे बहुतेकांना सोडावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वी हे स्पष्ट बोलले गेले पाहिजे. दात किडलेले, पायाला जखम, लघवीत संसर्ग, साखर अनियंत्रित असेल तर आधी ते निस्तरावे. शस्त्रक्रियेच्या त्याच वा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात, आणि पुढचे तीन महिने व्यायामावरच सांध्याचे यश ठरते. ज्याने आधीपासून मांडीचा स्नायू कमावला आहे तो लवकर चालू लागतो.

खर्चाची बाजू पूर्वीइतकी अंधारी राहिलेली नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी या किमतीवर आला. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा त्यांत सोलापूर होते. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली असून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. सत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या अटींवर आपले प्रकरण बसते, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडे कागदपत्रांसह जाऊन विचारावे आणि मगच खासगी कर्जाचा विचार करावा. मोहोळहून सुमारे ३५ किलोमीटरवर सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथल्या अस्थिरोग विभागात पहिला सल्ला घेता येतो.

व्यायाम शिकवणारा माणूस मात्र गावाच्या जवळच हवा, कारण महिन्यातून चार वेळा सोलापूर गाठणे दुखऱ्या गुडघ्याला आणि मजुरी बुडवणाऱ्या बाईला जमत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, आणि आशाताईंना हे चार-पाच व्यायाम शिकवले जावेत, असा ठराव तालुक्यातील ग्रामसभांनी येत्या बैठकीत करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा.